वाटणीनंतरचे घर: सोलापुरात नवी वस्ती निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका विणकर कुटुंबाचे दुमजली घर होते. तळमजल्यावर यंत्रमाग आणि वरच्या मजल्यावर दोन भावांची बिऱ्हाडे, अशी या भागातल्या शेकडो घरांसारखीच त्याची रचना होती. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारे हे कुटुंब तीन पिढ्यांपासून त्याच गल्लीत राहत आले होते. थोरले भाऊ घरचे माग चालवत होते, तर धाकटे भाऊ अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पर्यवेक्षक होते. धाकट्या भावांच्या पत्नी विजापूर रस्त्यालगतच्या एका शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचा मुलगा अकरावीत आणि मुलगी सहावीत होती. आजी, म्हणजे दोन्ही भावांच्या आई, सत्तरी ओलांडलेल्या असून धाकट्यांकडेच जेवत-राहत होत्या.

आजींना दमा होता. मागांवर सुताचे तूस सतत उडते आणि ते जिन्यावाटे वर येऊन खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. एका हिवाळ्यात त्यांना लागोपाठ दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी मागांच्या घरातून त्यांना हलवण्याचा स्पष्ट सल्ला दिला. याच सुमारास भावाभावांत वाटणीचे बोलणे सुरू झाले होते. घर थोरल्यांकडे राहावे, धाकट्यांनी आपल्या हिश्श्याची रक्कम घेऊन वेगळे घर करावे, असे सामोपचाराने ठरले. भांडण नव्हते, हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढचे अनेक निर्णय त्या समंजसपणामुळेच शक्य झाले.

मी नगररचना आणि गृहनिर्माण या विषयांत सल्ला देण्याचे काम करतो. घर शोधून देणे हे माझे काम नाही. कुटुंबाने जमवलेली माहिती पुरेशी आहे का आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकतो का, एवढेच पाहण्यासाठी त्यांनी मला बोलावले होते. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्या बैठकीत कुटुंबाने विचारलेला प्रश्न होता, “आमच्या पैशांत सर्वांत चांगला एरिया कोणता?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्या घरातल्या प्रत्येकाचा एरिया वेगळा होता. कर्त्या पुरुषाची, म्हणजे धाकट्या भावांची, नोकरी शहराच्या पूर्वेला आणि पत्नीची शाळा नैर्ऋत्येला. मुलाचे महाविद्यालय आणि शिकवणी शहराच्या मध्यात. आजींची मैत्रिणींची बैठक, मार्कंडेय मंदिर, ओळखीचे औषध दुकान आणि तेलुगूत बोलणारी माणसे हे सगळे जुन्या गल्लीच्या परिघात. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय महर्षींचा रथोत्सव तर त्यांच्या वर्षाचा मुख्य दिवस. घर बदलताना या परिघातून सर्वांत जास्त उखडल्या जाणार होत्या त्या आजी, आणि घर बदलण्याचे कारणही त्याच होत्या. हा पेच पहिल्या बैठकीत कोणीच मांडला नाही. चर्चा चौरस फुटांच्या दराभोवती, पार्किंगभोवती आणि ‘पुढे भाव किती वाढेल’ याभोवतीच फिरत राहिली.

दुसरी अडचण पाण्याची होती. सोलापूरला उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, भीमेवरील औज बंधाऱ्यातून टाकळीमार्गे आणि एकरुख तलावातून पाणी मिळते, तरीही शहरातल्या बहुतेक भागांत अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड नळ येत आला आहे. उजनीची साठवण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातला 63 टीएमसीहून अधिक साठा मृतसाठ्यात, म्हणजे दरवाजांतून सहज सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यात, मोडतो, आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण बराच काळ उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, होते. मात्र घर घेणाऱ्याच्या दृष्टीने धरणातल्या टक्केवारीपेक्षा वस्तीतला फरक महत्त्वाचा असतो. एकाच शहरात एका गल्लीला पहाटे दोन तास चांगल्या दाबाने पाणी मिळते, तर दोन गल्ल्या पलीकडे रात्री बाराला बारीक धार लागते. ही माहिती कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

समोर असलेले पर्याय

पुण्याला जाण्याचा विचार मुलाने मांडला होता. सोलापुरातल्या अनेक घरांत तो होतोच. दोघांच्या नोकऱ्या इथेच असल्याने तो लगेच मागे पडला. पुणे रस्त्यावरील बाळे-केगाव पट्टाही असाच सुटला. विद्यापीठ आणि महामार्ग जवळ असले तरी तो दोन्ही नोकऱ्यांपासून दूर पडत होता. उरले तीन पर्याय.

पहिला पर्याय जुळे सोलापूरचा. 1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि आसपासची गावे शहरात आली. त्यानंतरच्या दशकांत मध्यमवर्गीय नोकरदारांची सर्वांत मोठी वस्ती विजापूर रस्त्याच्या या बाजूला उभी राहिली. शाळा, बँका, दवाखाने, रुंद रस्ते हे सगळे तिथे होते आणि शिक्षिकाबाईंची शाळा दहा मिनिटांवर येत होती. कर्त्या पुरुषाला मात्र रोज संपूर्ण शहर ओलांडावे लागणार होते.

दुसरा पर्याय शहराच्या पूर्व कडेचा, कुंभारीच्या दिशेचा. विडी कामगारांसाठीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि असंघटित कामगारांसाठी उभी राहिलेली रे नगर वसाहत याच बाजूला आहेत. रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिली पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांना मिळाली. या वसाहतींमुळे रिक्षा, दुकाने, दवाखाने यांची वर्दळ वाढली आणि भोवताली खासगी प्लॉटिंगही जोरात सुरू झाले. कारखाना जवळ, भाषा ओळखीची, दर परवडणारा, आणि शिल्लक पैशांत स्वतंत्र बंगला बांधण्याची शक्यता, यामुळे कर्त्या पुरुषाचा कल सुरुवातीपासून इकडे होता.

तिसरा पर्याय होटगी रस्त्याचा. या रस्त्यावरील विमानतळावरून 2025 मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि एजंटांच्या बोलण्यात विमानतळाचा उल्लेख आल्याशिवाय एकही सौदा पुढे सरकेनासा झाला. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीवर मर्यादा असतात आणि त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागते, ही बाजू क्वचितच सांगितली जात होती. तिथल्या नव्या इमारतींतले दर कुटुंबाच्या ऐपतीबाहेर होते, म्हणून हा पर्याय यादीत असूनही त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

माहिती कशी जमवली

शिक्षिकाबाईंनी शाळेची एक जुनी हजेरी वही घेतली आणि प्रत्येक वस्तीसाठी दोन पाने राखली. डाव्या पानावर एजंट किंवा विकणारा काय म्हणाला ते, आणि उजव्या पानावर तिथे राहणाऱ्याने काय सांगितले ते. ही साधी विभागणी या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. जुळे सोलापूरच्या एका इमारतीबद्दल डाव्या पानावर ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ असे होते. उजव्या पानावर तिथल्याच इस्त्रीवाल्याचे म्हणणे होते, “उन्हाळ्यात फाटकाशी टँकर उभा असतो, विचारा वॉचमनला.” दोन्ही विधाने खरी होती. प्रॉब्लेम नव्हता, कारण सोसायटी दर उन्हाळ्यात टँकरसाठी वेगळी वर्गणी काढत होती.

माहिती कोणाला विचारायची, हेही त्यांनी हळूहळू ठरवले. वस्तीत स्वतःचे घर असलेला माणूस सहसा वाईट बोलत नाही. भाडेकरू, दूधवाला, औषध दुकानदार आणि पाणी सोडणारा महापालिकेचा चावीवाला यांना मात्र खरे सांगण्यात कसलीच अडचण नसते. चावीवाल्याकडून पाण्याचा वार, वेळ आणि दाब कळला, तर औषध दुकानदाराकडून रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे दुकान कोणते आणि श्वासाचा त्रास असलेल्या रुग्णाला त्या भागातले लोक कोठे नेतात हे कळले.

बोअरच्या पाण्याची परीक्षा त्यांनी यंत्राविना केली. प्रत्येक ठिकाणचे पाणी स्टीलच्या वेगवेगळ्या पेल्यांत ओतून, ते पेले खिडकीत ठेवून पाणी आटू दिले. एका पेल्याच्या तळाशी एवढा जाड पांढरा थर बसला की तो नखाने खरवडला तरी पूर्ण निघाला नाही. ते पाणी पूर्वेकडील प्लॉटशेजारच्या बोअरचे होते.

पावसाळ्यातली पाहणी सप्टेंबरमध्ये झाली. सोलापुरात पावसाचा खरा जोर त्याच महिन्यात असतो, आणि जून-जुलैत कोरडी दिसणारी ओढ्याकाठची जागा तेव्हा वेगळीच दिसते. पूर्व कडेला एका ओढ्यालगतच्या कंपाउंड भिंतीवर गुडघाभर उंचीवर गाळाची सरळ रेष उमटली होती. “इथे कधी पाणी येत नाही” हे वाक्य वहीत त्याच जागेसाठी लिहिलेले होते. याच फेरीत काही घरांच्या भिंतींवर तिरक्या भेगा दिसल्या. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नसेल, तर भिंत ती हालचाल सहन करत नाही. रंग नवा आणि भेग जुनी असेल, तर तिथे थांबून चौकशी करणे भाग असते.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा विसार देण्याचा. पूर्वेकडील एका प्लॉटसाठी विसाराची रक्कम तयार होती आणि विकणाऱ्याने आठवड्याची मुदत दिली होती. दर आकर्षक होता, कारण जमीन शेतीची होती आणि तुकडे पाडून गुंठ्यांवर विकली जात होती. सातबारा काढला तेव्हा त्यावर अनेक खातेदारांचे सामाईक क्षेत्र दिसले. मंजूर ले-आउट (भूखंडांचा आराखडा) नव्हता आणि बिगरशेती (एन.ए.) आदेशही नव्हता. “एन.ए. होणारच आहे, मग गुंठेवारीत नियमित करून घेऊ” असे आश्वासन होते. गुंठेवारी म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट. राज्याचा गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा 2001 चा असून 2021 च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारी विकासापर्यंत वाढवण्यात आली. नंतर पाडलेल्या तुकड्यांना त्या आधारावर भरवसा देता येत नाही. शिवाय 500 चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील प्लॉटिंग प्रकल्पाला महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, तीही नव्हती. हे कागद मी त्यांच्यासमोर मांडले, परंतु प्लॉट नाकारण्याचा निर्णय कर्त्या पुरुषाने स्वतः घेतला, आणि तो घेताना त्यांना मनापासून वाईट वाटले. त्या प्लॉटवरच्या बंगल्याचा नकाशा त्यांनी हाताने काढून ठेवला होता. हा निर्णय या प्रकरणातला सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य होता, असे माझे मत आहे.

दुसरा टप्पा जुळे सोलापूरचा. प्लॉट सुटल्यावर तिथला एक नवा फ्लॅट जवळजवळ नक्की झाला. त्याच सुमारास आजींना तिथे राहणाऱ्या एका नातेवाइकांकडे काही आठवडे ठेवण्याची कल्पना पुढे आली. हेतू फक्त श्वास पाहण्याचा होता. श्वास सुधारला. दम्याच्या पंपाचा वापर कमी झाला आणि झोप लागू लागली. मात्र आजी दुपारी बोलेनाशा झाल्या. इमारतीत सगळे नोकरीला गेलेले, खाली बसायला कट्टा नाही आणि तेलुगूत बोलायला कोणी नाही. सूनबाईंनी त्यांना थेट विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “हवा चांगली आहे गं, पण मला इथे कोण ओळखतं?” तोपर्यंत तुलनेच्या तक्त्यात आजींसाठी एकच रकाना होता, आणि तो दवाखान्याच्या अंतराचा.

इथे मी एक सूचना केली. नोकरीवर जाणारी माणसे दिवसाचे नऊ-दहा तास वस्तीबाहेर असतात. जो घरातून सर्वांत कमी बाहेर पडतो, त्याला वस्ती सर्वांत जास्त लागते. म्हणून प्रत्येक पर्यायासाठी आजींचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून काढावा आणि त्यानंतरच इतरांची ये-जा मोजावी. हा क्रम बदलताच यादीत नसलेला चौथा पर्याय पुढे आला. तो होता सात रस्त्यापासून होटगी रस्त्याला आसरा चौकापर्यंतच्या पट्ट्यातल्या जुन्या, लहान इमारतींतला पुनर्विक्रीचा फ्लॅट. पूर्वी होटगी रस्ता म्हणताच नव्या इमारतींचे दर डोळ्यांसमोर येत आणि पान उलटले जाई. जुन्या इमारतींकडे कोणी पाहिलेच नव्हते. इथून दोन्ही नोकऱ्या मध्यम अंतरावर येत होत्या, जुन्या गल्लीत जायला एकच रिक्षा पुरत होती आणि शासकीय रुग्णालय जवळ होते.

तिसरा टप्पा वेळेचा होता. मी आधी अकरा महिने भाड्याने राहून पाहण्याच्या बाजूचा होतो. कुटुंबाच्या सनदी लेखापालांनी आठवण करून दिली की राहत्या घराच्या हिश्श्यावरील दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याची करसवलत हवी असेल, तर तयार घर दोन वर्षांच्या आत खरेदी करावे लागते. हक्कसोडपत्रावर, म्हणजे रक्कम घेऊन घरातला हिस्सा भावाला सोडून दिल्याच्या दस्तावर, सही होताच हे घड्याळ सुरू होणार होते. म्हणून आधी भाड्याने राहायचे आणि हक्कसोडपत्राची नोंदणी त्यानंतर करायची, असा क्रम ठरला. थोरल्या भावांनी तो मान्य केला. ते अडून बसले असते तर हा मार्ग बंद झाला असता.

अखेर काय केले

कुटुंब प्रथम त्याच पट्ट्यातल्या एका पहिल्या मजल्यावर भाडेकराराने राहायला गेले. सर्व सामान नेले नाही. या काळात पाण्याची पाळी, रात्रीचा आवाज, रिक्षाचे भाडे आणि आजींचे दिवस यांची नोंद वहीत चालू राहिली. वर्ष संपत आले तेव्हा शेजारच्याच गल्लीतील एक जुना फ्लॅट विक्रीला आला.

कागदपत्रांची तपासणी यावेळी आधी झाली. मालमत्ता पत्रकावर जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावावर होती, म्हणजे अभिहस्तांतरण झालेले होते. जुन्या इमारतीत ही गोष्ट निर्णायक असते, कारण जमीन विकसकाच्याच नावावर राहिलेली असेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी रहिवाशांच्या हाती फारसे काही उरत नाही. बांधकाम परवाना आणि वापर परवाना दोन्ही मिळाले. वकिलांनी मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध अहवाल दिला. संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि मगच साठेखत (खरेदीपूर्वीचा करार) झाले.

परिणाम

फ्लॅट जुन्या घराच्या निम्म्या आकाराचा आहे. मुलाला स्वतंत्र खोली मिळाली नाही आणि तो त्याबद्दल अजून नाराज आहे. नळाला पाणी ठरलेल्या दिवशी पहाटे येते, दाब ठीक असतो आणि संस्थेचा जमिनीखालचा हौद पुढच्या पाळीपर्यंत पुरतो. बोअरचे पाणी फक्त वापरापुरते आहे. कर्त्या पुरुषाचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला, तर शिक्षिकाबाईंचा निम्म्यावर आला.

घर बदलल्यानंतरच्या हिवाळ्यात आजींना रुग्णालयात जावे लागले नाही. आठवड्यातून दोनदा त्या रिक्षाने जुन्या गल्लीत जातात, मागांपासून दूर, समोरच्या मैत्रिणीच्या ओट्यावर बसतात आणि संध्याकाळी थोरल्यांचा मुलगा त्यांना आणून सोडतो. रिक्षावाला ठरलेला आहे आणि तो तेलुगू बोलतो. त्याचा शोध आजींनीच घेतला.

वेगळे काय करता आले असते

आजींना पहिल्याच आठवड्यात विचारायला हवे होते. त्यांच्या आजारपणावर घरात रोज चर्चा होत होती, पण त्यांचे मत विचारले गेले ते दोन पर्याय मागे पडल्यानंतर. ज्येष्ठांना ‘त्रास नको’ म्हणून बैठकीपासून लांब ठेवण्याची आपल्या घरांतली पद्धत प्रेमातून येते. इथे तिच्यामुळे कित्येक महिने चुकीच्या यादीवर खर्ची पडले, आणि त्या काळात आजी तूस उडणाऱ्या घरातच राहत होत्या. घर ठरेपर्यंत त्यांना निदान तात्पुरते हलवणे शक्य होते. वैद्यकीय सल्ल्याची निकड आणि घरखरेदीची संथ गती यांची सांगड घातली गेली नाही, ही मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर उणीव वाटते.

खर्चाच्या बाजूनेही एक संधी हुकली. महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कर्ज दोघांच्या पगारावर असल्यामुळे मालकीही दोघांची हवी, असे गृहीत धरून खरेदीखत संयुक्त नावे झाले आणि सवलत गेली. सहकर्जदार असणे आणि सहमालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पती सहकर्जदार आणि पत्नी एकटी मालक, अशी रचना करता येईल का, हे बँकेला साठेखतापूर्वी विचारायचे राहून गेले.

जिन्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. इमारतीला लिफ्ट नाही. पहिला मजला आज आजींना जमतो, पण त्यांचे गुडघे कुरकुर करू लागले आहेत. भाड्याच्या घरातही पहिलाच मजला असल्याने वर्षभराच्या अनुभवात ही अडचण दिसायला हवी होती, परंतु वहीत जिन्यासाठी पान नव्हते. तळमजल्यावरचे रहिवासी काही वर्षांत मुलाकडे पुण्याला जाण्याच्या विचारात आहेत. तसे झाल्यास तो फ्लॅट प्रथम आपल्याला सांगावा, अशी विनंती शिक्षिकाबाईंनी त्यांना करून ठेवली आहे.